माशी कशावर बसली आहे

फोटो आला तेव्हा मी दोडका सोलत होतो. हात ओले होते म्हणून मोबाइलकडे लक्ष दिलं नाही. तो पुन्हा वाजला, मग पुन्हा, आणि शेवटी फोनच आला. तोही मी घेतला नाही. दोडका फोडणीला टाकला, झाकण ठेवलं, हात पुसले, चष्मा शोधला आणि बघितलं तर अनोळखी नंबरावरून एक चौकोनी फोटो आला होता. मधोमध पिवळं-काळं काहीतरी होतं आणि त्याच्या कडा पार विरघळल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'सर, ही मांसमाशी आहे का? अर्जंट.'

'अर्जंट' या शब्दाचा मला त्या काळात अगदी वीट आला होता. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आणि सांगलीला येऊन राहिलो, तेव्हा कुणीतरी मला 'परसबाग मंडळ' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. आपले आवटी सर किडे ओळखतात, अशी माझी जाहिरातही केली. तेव्हापासून माझा सकाळचा चहा आणि कुणाच्या तरी कढीपत्त्यावरची अळी बरोबरच येऊ लागली. एका बाईंनी तर सोफ्यावर पडलेल्या वेलचीच्या सालीचा फोटो पाठवून ही विषारी आहे का असं विचारलं होतं. मी उत्तर देऊन देऊन इतका कंटाळलो होतो की एक ठरावीक मजकूरच करून ठेवला होता, 'फोटो स्पष्ट नाही. पूर्ण फोटो पाठवा. किडा कशावर बसला आहे ते दिसू द्या.'

लोकांना वाटतं किडा मोठा दिसला की झालं. मग ते आजूबाजूचं सगळं कापून टाकतात आणि नेमकं आम्हांला हवं असतं तेच जातं. माशी शेणावर बसली आहे, फुलावर बसली आहे की कुजक्या पेरूवर, यातच तिची निम्मी ओळख असते. पुढची ओळख पंखांवरच्या शिरांत, डोळ्यांत, मिशांत असते आणि ती मोबाइलच्या फोटोत क्वचितच दिसते. त्यामुळे मी कुळापर्यंत जाऊन थांबायचो आणि नक्की माहीत नसलेलं नाव कधी देत नसे. लोकांना ते आवडायचं नाही. पण माझी बायको सुमित्रा गेल्यापासून मला कुणी काही विचारण्याचं हे एकच निमित्त उरलं होतं, म्हणून कुरकुर करत का होईना, मी ते काम निभावत होतो.

मी माझा ठरावीक मजकूर पाठवला. लगेच पुन्हा फोन आला. या वेळी घेतला.

बोलणारा भरतेश मगदूम होता. पुण्याला मोठ्या कंपनीत इंजिनिअर. मला तो आठवत नव्हता, पण रत्नाबाई मगदूमांचा मुलगा म्हटल्यावर ओळख पटली. रत्नाबाईंना सगळं मंडळ माई म्हणायचं. मी मंडळात पहिलं भाषण दिलं ते माव्यावर मारायच्या औषधांवर. भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतल्या जाडजूड चष्म्याच्या या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मारायचं सोडून आणिक काही असलं तर सांगा की सर. आमच्यात मुंगी मारत नाहीत." मगदूम जैन. त्यांच्या घरी अंधार पडायच्या आत जेवणं उरकतात आणि पाणीसुद्धा गाळून, उकळून पितात. मला त्या दिवशी राग आला होता, कारण माझं उत्तर तयार नव्हतं. पुढच्या भाषणाला मी फक्त किडे खाणाऱ्या किड्यांवर बोललो. माई तेव्हाही पुढच्या रांगेतच होत्या.

त्याच माई आता अंथरुणाला खिळल्या होत्या. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्या उठल्याच नाहीत. पडून राहून कमरेखाली जखम झाली होती. ड्रेसिंग करायला येणाऱ्या माणसानं सांगितलं होतं की जखमेवर माशी बसली तर अळ्या होतील. आणि नेमकी एक माशी रोज खिडकीतून आत येत होती.

"खिडकी बंद ठेवा ना," मी म्हणालो.

ठेवली होती, भरतेश म्हणाला. आई ओरडते. खिडकीबाहेर तिची बाग आहे, तेवढीच तिला दिसते. जाळी लावली तर बाग धुरकट दिसते म्हणून ती काढायला लावली. फवारा मारायचं तर नावच काढायला नको. म्हणून त्यानं पुण्यात एका शुश्रूषा केंद्रात जागा घेतली होती. काचबंद खोली, एसी, दिवसरात्र नर्स. रविवारी सकाळी रुग्णवाहिका यायची होती. आई मात्र घर सोडायला तयार नव्हती. सगळ्यांनी सांगून झालं. अखेर ती एवढंच म्हणाली की ही माशी वाईट आहे असं आवटी सरांनी सांगितलं तर जाईन, ते उगाच काही सांगत नाहीत.

"तर सर, तुम्ही फक्त तेवढं सांगा," तो म्हणाला. जणू मी माशीचं नाव त्याच्या सोयीनं ठेवणार होतो.

तिथं आईजवळ कोण असतं, असं मी विचारलं. ताई असते, तो म्हणाला. राजमती, मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही, शाळेत होती, आईसाठी नोकरी सोडली. तिचं काय म्हणणं आहे, हेही विचारलं.

"ताई काही बोलतच नाही सर. आई म्हणेल तसं, एवढंच म्हणते."

खरं सांगायचं तर त्या फोटोवरूनही मला अंदाज आला होता. जखमेवर अंडी घालणाऱ्या माश्या करड्या असतात नाहीतर हिरव्या-निळ्या चकाकतात. पिवळे-काळे पट्टे त्यांना नसतात. पण गोष्ट जखमेची होती आणि त्यावर एका म्हाताऱ्या बाईचं घर अवलंबून होतं. अशा वेळी विरघळलेल्या कडांचा फोटो बघून बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो की उद्या सकाळी येतो आणि माशी डोळ्यांनी बघतो. तोवर पूर्ण फोटो पाठवा, कापू नका.

पूर्ण फोटो संध्याकाळी आला. तो भरतेशनं पाठवला नव्हता. नंबर वेगळा होता आणि सोबत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मूळ फोटो राजमतीनंच काढलेला असणार. माशी एका हातावर बसली होती, पंज्याच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर. मागं स्टीलची परात, तिच्यात पाणी, खिडकीचे गज आणि गजांपलीकडं झिनियाची लाल-गुलाबी फुलं. हात ओला होता. कातडी रखरखीत, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, एका बोटाला भाजल्याचा जुना डाग. म्हाताऱ्या माणसाचा हात, मी मनात म्हटलं. माईंचा. माशीचे डोळे आता नीट दिसत होते, मोठे, लालसर, डोक्यावर एकमेकांना टेकलेले. म्हणजे नर. पंख दोनच. पोट चपटं आणि पट्टेदार. कुळाबद्दल आता शंका राहिली नाही. तरी फोटो बंद करताना काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळेना. डाळ-भात खाऊन मी लवकर आडवा झालो.

सकाळी रिक्षानं गेलो. घर विश्रामबागेच्या पलीकडं, बैठं, पुढं आंबा आणि मागं बाग. भरतेशनं दार उघडलं. धिप्पाड, पन्नाशीकडं झुकलेला, कानात फोनची वायर. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि त्याच दमात फोनवर कुणाला तरी पाच मिनिटं थांबायला सांगितलं. वाईट माणूस नव्हता. आईची काळजी त्याला खरीच होती, फक्त ती करायला त्याच्याकडं शनिवार-रविवारच होता.

मागच्या खोलीत माई उशांना टेकून पडल्या होत्या. त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की मी दारातच क्षणभर थबकलो. तोच जाड चष्मा उशाशी काढून ठेवलेला होता.

"आलासा सर?" त्या म्हणाल्या. "बसा की. माझ्या पाव्हणीला बघायला आलासा म्हणं."

"पाव्हणी?"

"तीच की. येती, हवेत उभी ऱ्हाती आन जाती. कुणाला काय करत न्हाई. ह्यानी तिच्यावरनं घर डोक्यावर घेतलंय."

त्यांनी हात वर करून खिडकी दाखवली. तो हात बघितला आणि काल काय खटकत होतं ते मला कळलं. माईंच्या पंज्यावर, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत, हिरवं गोंदण होतं. मधे तुळस आणि भोवती टिपके. जुन्या बायकांच्या हातावर असतं तसं. फोटोतल्या हातावर गोंदणाचा टिपकासुद्धा नव्हता.

तेवढ्यात राजमती आत आली. तिच्या हातात परात होती आणि खांद्यावर पंचा. सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी तिचा चेहरा दिवस मावळतानाच्या बाईसारखा दिसत होता. तिनं मला नमस्कार केला. आईला कुशीवर करायची वेळ झाली होती. भरतेश मदतीला पुढं आला, पण त्यानं नको तिथं धरलं आणि माई कण्हल्या. तेव्हा राजमती शांतपणे म्हणाली, "तू राहू दे." मग तिनं एकटीनं एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून आईला वळवलं, पाठ पुसली, चादर बदलली, ओली चादर काढून घेतली. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. सुमित्राचं मी हे सगळं केलेलं आहे. कंबर कशी धरते, श्वास कुठं अडकतो, हे मला मागून येणाऱ्या आवाजावरून कळत होतं.

आणि माशी आली.

झिनियावरून उठून ती गजांमधून आत आली आणि खोलीच्या मधोमध हवेत थांबली. पंख दिसत नव्हते, नुसता पिवळा ठिपका जागच्या जागी उभा होता. ती या कुळाची खासियत. इतक्या वर्षांनंतरही मला ते बघताना बरं वाटतं. माईंच्या डोळ्यांतही तेव्हा काहीतरी हललं. मग माशी जरा सरकली. माईंच्या जखमेवर नवी पट्टी होती, कडेला पिवळसर मलम दिसत होतं. माशी तिथं गेली नाही. माईंचा चेहरा, हात, पांघरूण, कशाकडंही गेली नाही. ती राजमतीसमोर जाऊन उभी राहिली, तिच्या कपाळासमोर, आणि राजमतीनं परात उचलायला हात पुढं केला तेव्हा अलगद त्या हातावर बसली. सोंड बाहेर काढून चाटू लागली. राजमतीनं तिला हाकललं नाही. हाकलायचेही श्रम नको असावेत.

मी वाकून बघितलं. भाजल्याचा डाग, पेरांवरच्या चिरा. कालचाच हात. तो म्हाताऱ्या माणसाचा नव्हता.

"काय सर?" भरतेशनं मागून विचारलं.

"सांगतो," मी म्हणालो. "आधी जरा हात धुऊ द्या."

राजमती मला मागच्या पडवीत घेऊन आली. नळाशी चादरींचा ढीग होता, पलीकडं दोरीवर आणखी चादरी. तिनं तांब्यातून माझ्या हातावर पाणी घातलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "सर, फोटोवरून नेमकं सांगता येतं का? शंभर टक्के?"

"कुळ सांगता येतं. नेमकी जात नाही सांगता येत. त्याला माशी पकडून भिंगाखाली धरावी लागते."

"म्हणजे नक्की सांगता येत नाही."

"जातीचं नाही."

तिनं तांब्या खाली ठेवला. दोरीवरची एक चादर सरळ केली.

"मग तेवढंच सांगा ना सर," ती म्हणाली. "नक्की सांगता येत नाही, एवढंच. ते काही खोटं नाही होणार."

मला आधी कळलंच नाही. मला वाटत होतं की आई घरात राहावी म्हणून ही गप्प बसते. मी काही बोलणार, तर तिनंच पुढं सांगितलं, अगदी हळू आवाजात, वर्गात मुलांना शुद्धलेखन सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून.

"मला म्हणता येत नाही, की घेऊन जा. आई माझ्याकडं बघते हो. रात्री पाणी मागायला हाक मारते तेव्हासुद्धा आधी म्हणते, झोपलीस का गं? मी कशी म्हणू? माशीमुळं ती पुण्याला गेली तर कुणीच काही म्हटलेलं नाही असं होईल."

मी पायरीवर बसलो. गुडघे दुखत होते हे खरं, पण नुसत्या गुडघ्यांमुळं बसलो असं नाही. सुमित्राच्या शेवटच्या दिवसांत दारावरची बेल वाजली की मला आशा वाटायची की कुणीतरी येऊन म्हणेल, आता तुम्ही उठा. आलेला प्रत्येक जण मला म्हणायचा, तुम्ही आहात म्हणून बरं आहे. ती गेली त्या दुपारी मी आधी झोपलो आणि मग रडलो.

राजमती म्हणत होती ते सोपं होतं. मी रोज तेच तर लिहायचो, फोटोवरून जात निश्चित सांगता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काडीचीही चूक नव्हती. भरतेशला पुढचं वाक्य स्वतःच जोडता आलं असतं.

"राजमती," मी म्हणालो, "तुम्ही शिक्षिका होतात. मुलानं अर्धंच उत्तर लिहिलं तर?"

"अर्धे मार्क द्यायचे."

"माई मला अर्धे मार्क देणार नाहीत."

ती जरा हसली, आणि ते हसू लगेच विझलं. तिला माझा राग आला असावा. येणारच. मी उठलो, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि आत गेलो. मला काय बोलायचं ते तोपर्यंत ठरलेलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

भरतेशनं फोन खिशात ठेवला होता. माईंनी चष्मा लावून घेतला होता. राजमती दारातच उभी राहिली, चौकटीला टेकून.

मी सांगितलं ते असं. ही सिरफिड माशी. साध्या भाषेत फुलमाशी म्हणा. हिची नेमकी जात मी फोटोवरून सांगू शकत नाही, पण कुळ नक्की. ही फुलांवर जगते. हिच्या अळ्या झाडावरचा मावा खातात, जखमेत होत नाहीत. ही चावत नाही, डसत नाही. माईंना हिच्यापासून काही धोका नाही.

"बघ," माई भरतेशला म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "मी म्हणत नव्हते?"

भरतेशनं खिशातला फोन पुन्हा बाहेर काढला. मी दाराकडं बघितलं नाही. चपला घालून निघावं असं मला फार वाटलं. माझं काम झालं होतं, नाव सांगून झालं होतं.

माईंनीच मला थांबवलं. किड्यांबद्दलचा त्यांचा प्रश्न कधी एकावर भागायचा नाही.

"पण सर, फुलं तर बाहेर हायती. मग ती रोज आत कशाला येती? हितं तिला खायला काय मिळतंय?"

"घाम," मी म्हणालो.

"घाम?"

"घामातलं मीठ लागतं तिला. म्हणून माणसाच्या अंगावर येऊन चाटते."

माई हसल्या. "मला कुठला घाम ओ? हितं हलतंय कोण?"

"तुमचा नाही, माई."

माशी अजून तिथंच होती, खिडकीच्या आतल्या बाजूला, हवेत. माईंनी तिच्याकडं बघितलं. मग तिच्या पलीकडं, दारातल्या मुलीकडं. मला वाटतं त्या रोज माशीकडंच बघत होत्या आणि ती कशावर बसते हे त्यांना दिसत नव्हतं. चष्मा उशाशी असायचा, आणि माशी सोडून बाकीचं सगळं रोजचंच होतं.

"राजे," त्या म्हणाल्या. "इकडं ये."

राजमती आली नाही. "दूध तापत ठेवलंय," ती म्हणाली.

"असू दे दूध. हात दाव."

ती आली आणि पलंगाच्या कडेला बसली. माईंनी तिचा हात आपल्या गोंदलेल्या हातात घेतला, चष्म्यापाशी आणला आणि बघितला. आधी मागची बाजू, मग तळवा, मग एकेक बोट. आम्ही भिंगाखाली नमुना बघतो तसा, घाई न करता. भाजल्याच्या डागावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे कधी झालं?"

"झालं असंल कधीतरी."

"मला सांगितलं न्हाईस."

माईंनी तो हात खाली ठेवला नाही. तसाच धरून त्या भरतेशकडं वळल्या.

"उद्याच्या गाडीला येऊ नको म्हणून सांगितलास का?"

"अजून नाही. आता सांगतो," तो म्हणाला.

"सांगू नकोस."

त्याला कळेना. "अगं, पण सर म्हणतायत ना, माशी चांगली आहे."

"ऐकलं मी. बहिरी न्हाई अजून." मग त्यांनी विचारलं, "तिकडच्या खोलीला खिडकी हाय म्हणालास, ती उघडती का?"

"नाही गं आई. एसी असतो ना. काच आहे."

"बरं," माई म्हणाल्या. "असू दे."

राजमतीचा चेहरा वेडावाकडा झाला. ती आईच्या हातातून हात सोडवायला बघत होती आणि तिला तो सोडवता येत नव्हता. "नको आई," ती म्हणाली. "कुठं जायचं नाही. मी करते की. मला काही होत नाही."

"तू झोप जा आता," माई म्हणाल्या. "दूध भरतेश बघंल."

भरतेश खरंच दूध बघायला गेला. मी चपला घातल्या. निघताना मागं बघितलं तर राजमती तिथंच, आईच्या पायाशी, बदललेल्या चादरीवर आडवी झाली होती, आणि माई पडल्या पडल्या वर्तमानपत्राच्या घडीनं तिला वारा घालत होत्या. हातच तेवढे त्यांना हलवता येत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माई रविवारी पुण्याला गेल्या आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथं होत्या. जखम तिथं भरून आली, असं भरतेशनं कळवलं होतं. राजमती दर आठवड्याला पुण्याला जायची. माई मात्र त्या काचेला कंटाळल्या होत्या, हेही त्यानंच सांगितलं, पण घरी ने असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या वारल्या तेव्हा मी आजारी होतो आणि भेटायला जाऊ शकलो नाही.

मी त्या दिवशी बरोबर केलं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. माशीचं नाव मी बरोबर सांगितलं, एवढंच मला नक्की माहीत आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा सकाळी मोबाइल वाजला. राजमतीच्या नंबरावरून फोटो आला होता, आणि तो न कापलेला होता. मागं खिडकीचे गज होते, गजांबाहेर झिनिया फुललेल्या होत्या, आतला पलंग रिकामा होता आणि त्यावर घडी घातलेली चादर. पुढं तिचा हात पालथा धरलेला. चिरा भरून आल्या होत्या. भाजल्याचा डाग तेवढा राहिला होता. हातावर काही नव्हतं.

खाली तिनं लिहिलं होतं, 'सर, बाहेर फुलांवर असते. आता आत येऊन हातावर बसत नाही.'

मी किती तरी वेळ चष्मा लावून तो हात बघत बसलो. चहा गार झाला. माझा ठरावीक मजकूर बोटाखाली तयारच होता. त्यातला एकच शब्द बदलला, बाकीचं खोडलं आणि पाठवून दिलं.

'फोटो स्पष्ट आहे.'